जमिनीत सापडलेले जुने वैद्यकीय उपकरण कसे ओळखावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या पट्ट्यात विहिरीचा गाळ काढताना, वाडा पाडताना किंवा घराचा पाया खणताना अशा वस्तू निघतात आणि त्यांचे फोटो आमच्याकडे येतात. सोबतचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

१. जेसीबीने खणताना गंजलेल्या चिमट्यासारखे काहीतरी निघाले. सगळ्यात आधी काय करू?

काम पाच मिनिटे थांबवा. वस्तू उचलण्याआधी, आहे त्या जागी फोटो काढा. फोटोत मोजपट्टी हवी, ती नसेल तर दहा रुपयांचे नाणे ठेवा. आजूबाजूला खापरे, काच, विटा, कोळसा, हाडे काय आहे ते पाहा, त्याचेही फोटो घ्या. सोबतच्या या गोष्टींवरून बऱ्याचदा वस्तूपेक्षाही जास्त कळते.

मग जाड हातमोजे घालून वस्तू खालून आधार देत उचला. एका टोकाला धरून ओढू नका, कारण गंजलेले पाते सांध्यापाशी तुटते. पाण्याने धुऊ नका. मऊ कोरड्या ब्रशने सुटी माती तेवढी झटका आणि ती माती पिशवीत जपून ठेवा. पेच, खीळ किंवा मुठीचा तुकडा त्यात असू शकतो. वस्तू झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवून वर तारीख, सर्व्हे नंबर आणि खोली लिहा. हाताला लागले असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, त्यामुळे गंज नसलेल्या वस्तूनेही धोका तेवढाच असतो.

२. घासून लख्ख केल्याशिवाय त्यावरचे नाव कसे वाचायचे? चिंच किंवा लिंबू चालेल का?

नाही. चिंच, लिंबू, रॉकेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पितळ चकाकवायची पेस्ट, यातले काहीही नको. ओळख बुडते ती इथेच. कारखान्याचे नाव पोलादावर जेमतेम केसाच्या जाडीइतके खोल ठोकलेले असते. वस्तू गंजते तेव्हा मूळ पृष्ठभाग गंजाच्या थरातच शिल्लक राहतो. गंज खरवडला की त्याबरोबर नावही जाते, आणि गेलेले नाव परत आणता येत नाही. चिंचेतले आम्ल पितळेवरचा हिरवा कळंक काढते खरे, पण त्यासोबत पितळेतले जस्तही ओढते आणि वर तांबूस डाग उरतात.

नाव वाचायला उजेड पुरतो. खोलीत अंधार करा. मोबाईलचा टॉर्च वस्तूच्या जवळजवळ समपातळीत, एका बाजूने धरा आणि तो चारही दिशांनी फिरवत फोटो घ्या. समोरून टाकलेल्या उजेडात न दिसणारी अक्षरे अशा तिरप्या उजेडात सावलीमुळे उठून दिसतात. नाव बहुधा सांध्याच्या आतल्या बाजूला, मुठीच्या मुळाशी किंवा पात्याच्या रुंद भागावर असते.

३. हे वैद्यकीयच आहे हे कशावरून ठरवायचे? आमच्याकडे सोनार, चांभार, न्हावी सगळ्यांची हत्यारे निघतात.

आधी टोक पाहा, मग सांधा आणि शेवटी मूठ. बहुतेक लोक मुठीपासून सुरुवात करतात आणि फसतात, कारण मुठी सगळ्यांच्या सारख्याच दिसतात.

टोकाला धार आहे, दाते आहेत, भोक आहे की ते मुद्दाम बोथट गोल केले आहे? शरीराच्या आत जाणाऱ्या उपकरणाचे टोक फार काळजीने गुळगुळीत केलेले असते आणि वाकही अवयवाच्या आकाराला धरून असतो. सोनाराच्या चिमट्याला किंवा लोहाराच्या सांडशीला असला वाक लागत नाही. चांभाराच्या आरीला टोकाजवळ दोरा ओढायला खाच किंवा भोक असते, रापीला रुंद धार असते. न्हाव्याची नराणी आखूड आणि सपाट असते आणि तिची धार फक्त टोकाला असते. तिला शस्त्रक्रियेचे हत्यार समजण्याची चूक वारंवार होते.

सांध्यात साधी खीळ ठोकलेली असेल तर वस्तू गावच्या लोहाराचीही असू शकते. बारीक आट्यांचा पेच, एका भुजेतून दुसरी आरपार ओवलेला सांधा किंवा बोटांच्या कड्यांजवळ एकमेकांत अडकणारी दातेरी पकड दिसली, तर ती कारखान्यातली वस्तू आहे आणि वैद्यकीय असण्याचा संभव बराच वाढतो. अशी दातेरी पकड रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली.

४. धातू घरच्या घरी ओळखता येतो का?

बराचसा येतो. चुंबक चिकटला तर आत लोखंड किंवा पोलाद आहे. पण चुंबक चिकटतो म्हणून ते स्टेनलेस नव्हे, असा निष्कर्ष काढू नका. धार लावायच्या वैद्यकीय स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. चिकटत नसेल आणि कळंक हिरवा असेल तर पितळ, तांबे किंवा जर्मन सिल्व्हर (तांबे, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू). काळपट, जड आणि मऊ असेल तर चांदी किंवा कथील-शिशाचा मिश्रधातू. सोनाराच्या काट्यावर वजन ग्रॅममध्ये घ्या, पण कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका.

पोपडे सुटल्यासारखा चकचकीत थर आणि त्याखाली तांबूस गंज दिसला तर तो निकेलचा मुलामा. वय ठरवताना तो फार उपयोगी पडतो (प्रश्न ५).

५. किती जुने आहे हे कसे कळेल? आठ फुटांवर सापडले म्हणजे खूप जुने ना?

खोलीवरून वय ठरवू नका, आणि आपल्या भागात तर मुळीच नको. बेळगावच्या पूर्वेकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि वरची वस्तू सरळ त्यांत घसरते. पावसाळ्यात माती फुगते आणि वस्तू आणखी हलते. विहिरीच्या गाळात तर सगळा काळ एकत्र झालेला असतो. खानापूरकडच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत आणि तिथल्या धो धो पावसात पोलाद फार लवकर खाल्ले जाते. म्हणून पन्नास वर्षांची वस्तूही तिथे शंभराची वाटते.

वय घडणीवरून काढा. लाकूड, शिंग, हाड किंवा हस्तिदंताची मूठ असलेली शस्त्रे साधारण १८९० च्या आधीची समजावीत. ब्रिटिश शल्यचिकित्सक लिस्टरने १८६७ मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. पुढे उपकरणे पाण्यात उकळू किंवा वाफेत तापवू लागले तेव्हा अशा मुठी तडकू लागल्या आणि मूठ-पाते सगळे एकाच धातूचे झाले. निकेलचा मुलामा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत सर्रास झाला. स्टेनलेस पोलाद शेफील्डमध्ये १९१३ चे, म्हणजे ‘स्टेनलेस’ असा शिक्का असलेली वस्तू त्याआधीची असूच शकत नाही. काचेची नळी आणि धातूचा दट्ट्या असलेली रेकॉर्ड पद्धतीची सिरिंज १९०६ नंतरची.

एक अपवाद ध्यानात ठेवा. जुनी मूठ म्हणजे जुना वापर असे नाही. खेड्यातल्या दवाखान्यात लाकडी मुठीचा चाकू पुढे कितीतरी वर्षे वापरात राहू शकतो.

६. बाणाच्या फाळासारखी खूण आहे आणि खाली इंग्रजी आय. ही कोणाची?

रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, आणि त्यासोबत आय असेल तर हिंदुस्थान सरकारच्या लष्करी भांडाराची. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे इथे मोठी छावणी वसली. त्यामुळे कॅम्प भागात आणि तिथून भंगारात गेलेल्या सामानात ही खूण मिळणे स्वाभाविक आहे. बाणाजवळ सालही ठोकलेले असेल तर ते बहुधा तपासणीचे किंवा खरेदीचे साल असते.

कारखान्यांची नावे वय नेमके करतात. लंडनच्या ‘एस. मॉ, सन अँड थॉम्पसन’ हे नाव साधारण १८७० ते १९०१ या काळात चालले, पुढे ते बदलले. ‘डाउन ब्रदर्स’, ‘आर्नल्ड अँड सन्स’, ‘वाइस’, ‘ॲलन अँड हॅनबरीज’ ही नावेही लंडनचीच. नुसते ‘जर्मनी’ असेल तर बहुधा १८८७ नंतरचे, कारण त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव टाकण्याची रीत पडली. ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ नंतरचे. ‘सियालकोट’ वाचून वस्तू पाकिस्तानातून आली असे समजू नका. ते शहर फाळणीआधीही शस्त्रक्रियेची उपकरणे बनवत होते आणि दुसऱ्या महायुद्धात तिथला माल लष्कराला जात होता.

७. मोठ्या पळीसारखे आहे, पण मधला भाग पोकळ आणि दांड्याला खाच. स्वयंपाकघरातले असेल का?

हा बहुधा प्रसूतीच्या चिमट्याचा अर्धा भाग. त्याचे दोन भाग खिळीने जोडलेले नसतात, वापरताना एकमेकांत अडकवतात. त्यामुळे जमिनीत एकच भाग मिळतो आणि तो झारा किंवा डाव वाटतो.

तपासून पाहा. पाते चपटे नसून बाळाच्या डोक्याला बसेल असे आतून खोलगट वाकलेले हवे. मधली खिडकी लांबट असते आणि तिच्या आतल्या कडाही गोल केलेल्या असतात, बोट फिरवले तर कुठेच टोचत नाही. दांडा आणि मूठ मिळतात तिथे खाच असते. झाऱ्याच्या भोकांच्या कडा इतक्या मऊ केलेल्या नसतात आणि डावाच्या दांड्याला अशी खाच नसते. पाते बाजूनेही वर वळलेले असेल तर तो लांब चिमटा, सरळ असेल तर आखूड. मुठीजवळ ओढण्यासाठी वेगळा जोडदांडा असल्यास तो १८७७ मध्ये फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ तार्निएने आणलेल्या पद्धतीचा, म्हणजे त्यानंतरचा.

८. पितळी चौकोनी किंवा अष्टकोनी डबी, एका बाजूला चिरा आणि आत बारीक पाती. हे काय?

रक्त काढायचे यंत्र. वरची तरफ ओढून स्प्रिंग ताणायची, चिरांची बाजू कातडीवर टेकवायची आणि कळ दाबायची. साधारण सहा ते सोळा पाती एकदम अर्धवर्तुळात फिरून उथळ चिरा पाडतात. मग वर काचेची वाटी तापवून लावत. आपल्याकडे शिंगाची तुंबडी लावत तेच तत्त्व. पाती किती खोल जावीत हे ठरवायचा पेच डबीवर असतो. तो फिरवून बघू नका. स्प्रिंग अजून ताणलेली असू शकते आणि शंभर वर्षांनीही ती सुटते.

एका दांड्याच्या टोकाला टोचऱ्या दात्यांची छोटी चकती असेल तर ते निराळे. ते देवी टोचायचे. चकती कातडीवर दाबून फिरवत. आपल्याकडे हे १९६० च्या दशकापर्यंत वापरात होते, नंतर दुटोकी सुई आली. ओळख पटवायची सोपी खूण म्हणजे घरातल्या वयस्कर माणसांच्या दंडावरचा गोल वण.

९. हे घरगुती तर नाही ना? आजी म्हणते बोंडले आहे.

आजी बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. तिचे म्हणणे लिहून ठेवा. तोटी असलेली लहान पितळी किंवा चांदीची वाटी म्हणजे बोंडले, तान्ह्या बाळाला दूध किंवा औषध पाजायला. एका कडीत अडकवलेले कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा हा घरगुती जोड असतो. तांब्याची दोन्ही टोकांना किंचित फुगीर काडी बहुधा सुरम्याची. नावेच्या आकाराचा दगडी खल वैद्याचा असू शकतो, पण सोबत बत्ता किंवा मात्रेची सहाण मिळाल्याशिवाय खात्रीने म्हणू नये.

१०. माणसांचे आणि जनावरांचे उपकरण कसे वेगळे करायचे?

आकार आणि जाडी पाहा. पोटफुगीवर जनावराच्या डाव्या कुशीत खुपसायची तिकोनी टोकाची सळई आणि तिच्यावरची नळी ही माणसाच्या जलोदरासाठीच्या नळीपेक्षा चांगलीच जाड असते. पितळी कवचात घडी होणारी दोन-तीन पाती, प्रत्येकाच्या कडेला आडवे त्रिकोणी टोक, असे असेल तर ते रक्त काढण्यासाठी घोड्याची शीर तोडायचे, वरून लाकडी दांडक्याने ठोकायचे. हातभर लांब, बोथट जबड्याचा जड चिमटा बैल खच्ची करायचा. हा प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत निघाला, त्याआधी बैल बडवत. नालबंदाची पक्कड आणि खूर कापायची सुरीही याच ढिगात सापडतात. जुन्या छावणीत घोड्यांची पागा असे, तेव्हा कॅम्पकडे काही मिळाले तर जनावरांची शक्यता आधी तपासा.

११. हे सुश्रुताच्या काळातले असू शकेल का?

बहुधा नाही. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. पशुपक्ष्यांच्या मुखांसारख्या तोंडांच्या स्वस्तिकयंत्रांचे (दोन भुजा एकमेकींना छेदणाऱ्या चिमट्यांचे) वर्णन वाचले की गंजलेला कुठलाही चिमटा त्यात बसतोसा वाटतो. पण इतके बारीक लोखंड आपल्या पावसात इतकी शतके क्वचितच टिकते. शिवाय आट्यांचा पेच, निकेल किंवा इंग्रजी अक्षर दिसले की प्रश्नच संपतो.

तरीही एक ठिकाण जपा. बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागात सातवाहनकालीन वस्ती उत्खननात सापडलेली आहे, आणि खानापूर तालुक्यातली हलशी कदंबांची राजधानी होती. अशा परिसरात जुन्या खापरांसोबत, नाण्यांसोबत किंवा मण्यांसोबत काही मिळाले तर पुढे एक कुदळही मारू नका आणि प्रश्न १४ प्रमाणे कळवा.

१२. मूठ हस्तिदंताची वाटते. तापलेली सुई टोचून पाहू का?

नको, डाग कायमचा राहतो. मुठीचा आडवा छेद दिसत असेल तर भिंगातून पाहा. एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या असतील तर हाड. अगदी एकसारखे समांतर पट्टे असतील तर हस्तिदंताची नक्कल म्हणून केलेले सेल्युलॉइड असावे. काळी मूठ उन्हाने तपकिरी पडली असेल आणि बोटाने चोळल्यावर गंधकाचा वास येत असेल तर ते कडक केलेले रबर. हस्तिदंताची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी.

१३. बाटल्या, थर्मामीटर आणि सिरिंज एकत्र मिळाल्या. धोका आहे का?

आहे. बाटलीत पूड किंवा द्रव शिल्लक असेल तर बूच काढू नका, वास घेऊ नका. सोमल, कुचल्याचे सत्त्व, कार्बोलिक ही विषारी द्रव्ये तेव्हाची नेहमीची औषधे होती. निळ्या किंवा हिरव्या काचेची, अंगावर उभ्या कड्या असलेली षट्कोनी बाटली विषाची. अंधारात हाताला कळावी म्हणून ती तशी करत. बाटली कोणत्या काळातली हे साच्याच्या शिवणीवरून कळते. शिवण गळ्याखालीच थांबत असेल तर तोंड हाताने केलेले, म्हणजे साधारण १९१० च्या आधीचे. ती ओठावरून आरपार जात असेल तर यंत्राची.

थर्मामीटर फुटून पारा सांडला तर झाडूने लोटू नका. त्याने तो पसरतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, कडक कागदाने थेंब एकत्र करून झाकणाच्या काचेच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा.

आणि एक वेगळा, जास्त गंभीर धोका आहे. छावणीच्या परिसरात मिळालेली, आकडे कोरलेली पितळी शंकूसारखी वस्तू तोफगोळ्याचा पलिता (गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग) असू शकते. तिला हात न लावता मागे सरा आणि ११२ वर फोन करा.

१४. कळवायचे कोणाला? शेत माझे आहे, मग वस्तू माझीच ना?

आपोआप नाही. कर्नाटकात निखात निधीसाठी १९६२ चा राज्याचा कायदा आहे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे डीसींना, लेखी कळवावी लागते. वस्तू काय, कुठे, कोणत्या तारखेला मिळाली हे अर्जात लिहा आणि उताऱ्याची प्रत व प्रश्न १ मधले फोटो जोडा. अर्ज कन्नडमध्ये असेल तर तो लवकर पुढे सरकतो. तहसीलदार कार्यालयात दिला तरी शिक्का मारलेली पोच घ्या. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळालाही एक प्रत पाठवणे चांगले.

१५. माझे घर चंदगडला, शेत बेळगाव तालुक्यात. कोणता कायदा?

वस्तू ज्या जमिनीत मिळाली तिथला. राहणे किंवा मतदान कुठेही असो. तेच उपकरण हद्दीपलीकडे चंदगडच्या मातीत मिळाले असते तर १८७८ चा केंद्रीय कायदा आणि कोल्हापूरचे जिल्हाधिकारी. बांधावरच सापडले असेल तर मोजणीचा नकाशा जोडा आणि वस्तू हद्द ओलांडून नेण्याआधी कळवा.

१६. विकता येईल का?

प्रश्न १४ ची प्रक्रिया पुरी होईपर्यंत नाही. त्यानंतरही, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, परदेशी ग्राहकाला कुरिअरनेसुद्धा. आमचे मत विचाराल तर इथल्या दवाखान्याच्या इतिहासाशी जोडलेले उपकरण इथल्याच संग्रहालयात राहावे. सापडल्या जागेची नोंद तुटली की त्याचे अर्धे मोल जाते.

१७. पावसाळ्यात गंज वाढत चालला आहे. ठेवायचे कसे?

घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत (ओल शोषणाऱ्या गोळ्या). जेल साधारण वस्तूच्या वजनाइतके घ्या. केशरी गोळ्या हिरवट पडल्या की त्या बदला किंवा ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास सुकवून पुन्हा वापरा. लोखंडावर घामासारखे तपकिरी थेंब येत असतील किंवा पितळेवर फिकट हिरवी भुकटी उठत असेल तर मातीतले क्षार आतून काम करत आहेत. तेल लावून ते थांबत नाही, उलट क्षार आत कोंडतात.

मूठ लाकडाची किंवा चामड्याची असेल तर मात्र हा उपाय करू नका. ती एकदम सुकली की तडकते. अशी वस्तू, जी मुळात ओली निघाली, ती ओलसर कापडात, सच्छिद्र पिशवीत, सावलीत ठेवा आणि आठवड्याभरात संवर्धकाला (जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.

१८. नुसता गंजाचा गोळा आहे, आकारच दिसत नाही. टाकून द्यायचा का?

टाकू नका, फोडूही नका. एक्स-रे काढा. गावातल्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये किंवा जनावरांच्या दवाखान्यात विनंती केली तर काढून मिळू शकतो. वस्तू बंद प्लास्टिक पिशवीतच ठेवा आणि दोन दिशांनी, एकमेकींशी काटकोनात, दोन चित्रे घ्या. लोखंड दाट असल्याने ताकद हाडाच्या चित्रापेक्षा वाढवावी लागते, हे तंत्रज्ञाला आधीच सांगा. पहिले चित्र नुसते पांढरे आले तर ताकद वाढवून पुन्हा काढा. गंजाच्या आत मूळ धातूची कड, सांध्यातला पेच, पकडीचे दाते स्वच्छ दिसतात. धातू पूर्ण गंजून गेला असेल तर त्या जागी पोकळी दिसते, आणि तिच्या आकारावरूनही उपकरण ओळखता येते. ही चित्रे मूळ आकारात, मोजपट्टीसह जपून ठेवा.